टायलोसिन हे औषध आहे, खुराक नव्हं



आज जरा कडक लिहिणार आहे. लेअरवाल्यांना राग येईल, काही औषधवाल्यांना तर जास्तच येईल. येऊ दे.

आपल्या विटा भागात अंड्याच्या कोंबड्यांची शेडं किती आहेत ते मी सांगायला नको. पाऊस दगा देतो, टेंभूचं पाणी सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही, म्हणून खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांना पोल्ट्रीनं आणि दावणीच्या चार जनावरांनी तारलंय. माझ्याही घराला. म्हणून हा धंदा बंद करा असं सांगणाऱ्यातला मी नाही. पण ह्या धंद्यात एक सवय शिरली आहे, आणि ती आपल्यालाच खाणार आहे. ती म्हणजे पक्षी धडधाकट असताना "महिन्यातनं पाच दिवस टायलोसिन".

माझ्याकडं एक एजंट आला होता. हातात छापील तक्ता. कुठल्या आठवड्याला कुठली पुडी, सगळं आखून दिलेलं. त्यात टायलोसिन दर महिन्याला. मी विचारलं, "कुठल्या रोगावर?" तो म्हणाला, "रोग येऊ नये म्हणून." मी म्हटलं, "कुठला?" तर म्हणाला, "सगळेच."

मंडळी, सगळ्याच रोगांवर चालणारं औषध जगात नाही. टायलोसिन तर नाहीच नाही. ते का नाही, हे समजून घ्यायला ते औषध काम कसं करतं ते आधी बघूया.

हे औषध आलं कुठनं?

मातीतनं. टायलोसिन, एरिथ्रोमायसिन, टिल्मिकोसिन आणि माणसाला देतात ते अझिथ्रोमायसिन, ही सगळी एका घराण्यातली. घराण्याचं नाव मॅक्रोलाइड. अणूंचं एक मोठं कडं आणि त्याला लोंबणाऱ्या साखरेच्या कड्या, अशी ह्यांची ठेवण. एरिथ्रोमायसिनच्या कड्यात १४ अणू, अझिथ्रोमायसिनच्या १५, टायलोसिनच्या १६.

एरिथ्रोमायसिन सापडलं ते फिलिपिन्स देशातल्या इलोइलो भागातल्या मातीत. तिथल्या अबेलार्दो अगिलार नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली मातीचा नमुना अमेरिकेतल्या एली लिली कंपनीला पाठवला. त्या मातीतल्या एका जंतूपासून औषध निघालं आणि १९५२ साली बाजारात आलं. टायलोसिनही असंच, स्ट्रेप्टोमायसिस फ्रॅडी नावाच्या मातीतल्या जंतूपासून मिळतं. वळवाचा पहिला पाऊस पडला की जो मातीचा वास सुटतो ना, तो मुख्यतः ह्याच स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंचा. म्हणजे आपल्या बांधावर ही मंडळी पिढ्यान्पिढ्या राबतायत.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्यात वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात तिथल्याच मातीतनं हमायसिन नावाचं बुरशीचं औषध शोधलं गेलं आणि त्या जंतूला नावच दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. द्राक्षवाल्यांना माहीत असलेलं ऑरिओफंगिन हेही तिथलंच. ही दोन्ही मोठ्या कड्याचीच, पण ती बुरशीचं आवरण फोडतात, जंतूवर चालत नाहीत. फवारणीतलं इमामेक्टिन, स्पिनोसॅड आणि जंताचं आयव्हरमेक्टिन हीसुद्धा मातीतल्या जंतूंनी दिलेली मोठ्या कड्याचीच औषधं. भावकी मोठी आहे, पण प्रत्येकाचं काम वेगळं. एकाचं काम दुसऱ्याला सांगून चालत नाही.

काम कसं करतं?

जंतूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्र असतं, त्याला रायबोसोम म्हणतात. घरातला शेवेचा सोऱ्या डोळ्यांपुढं आणा. वरनं पीठ दाबलं की खालच्या छिद्रातनं शेव बाहेर येते. रायबोसोमलाही असंच एक बोगद्यासारखं भोक असतं, तिथनं प्रथिनाची साखळी बाहेर सरकते. मॅक्रोलाइड जाऊन नेमकं त्या भोकाच्या तोंडाशी बसतं. शेव अडकते. जंतू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते. पुढचं काम पक्ष्याच्या, जनावराच्या अंगातल्या प्रतिकारशक्तीनं करायचं असतं.

आपल्या पेशीतही रायबोसोम आहेत, पण त्या भोकाची घडण जरा वेगळी आहे. म्हणून औषध जंतूला धरतं, आपल्याला सोडतं.

ह्यातनं दोन गोष्टी निघतात. पहिली, हे औषध बहुतेक वेळा मारणारं नाही, रोखणारं आहे. अर्धा डोस, अंदाजानं चमचा, दोनच दिवस, असं केलं तर जंतू तेवढ्यापुरता थांबतो आणि परत उठतो. दुसरी, जनावराची स्वतःची ताकदच खचलेली असेल, शेडमध्ये अमोनियानं डोळे चुरचुरत असतील, तर औषध एकटं काही करू शकत नाही.

कशावर चालतं?

कोंबडीत मुख्य म्हणजे सीआरडी. पक्षी घरघरतो, नाकातनं पाणी, डोळा सुजतो, अंडी घटतात. हा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जंतूचा रोग. ह्या जंतूची गंमत अशी की त्याला पेशीची भिंतच नसते. पेनिसिलिन भिंतीच्या बांधकामावर घाव घालतं. भिंतच नाही तिथं ते काय करणार? तिथं टायलोसिन कामाला येतं, कारण ते भिंतीला नाही, आतल्या सोऱ्याला धरतं. शिवाय मॅक्रोलाइड फुप्फुसात चांगली साठतात, म्हणून श्वासाच्या रोगात त्यांचा मान मोठा.

शेळ्यांमध्ये मायकोप्लाझ्मामुळं होणारा सांसर्गिक फुप्फुसदाह असतो, त्यात टायलोसिन चालतं. गाईम्हशीत काही प्रकारचा न्यूमोनिया आणि काही जंतूंची दगडी म्हणजे स्तनदाह, त्यातही चालतं.

माणसात न्यूमोनियाचे काही प्रकार, डांग्या खोकला, खुपरी, कॉलरा, आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्यांचा घसा. आणि टायफॉईड. ह्याच्यावर पुढं बोलतो.

कशावर चालत नाही?

हा भाग कापून शेडच्या दारावर लावा.

१. विषाणूवर नाही. मानमोडी, गंबोरो, लंपी, लाळ्या खुरकूत, पीपीआर, ह्यांवर टायलोसिनचा काडीचा उपयोग नाही. विषाणूला स्वतःचा सोऱ्याच नसतो. मागनं जंतूचा रोग जडला तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते त्या जंतूसाठी, आणि तो कुठला हे त्यांनी ठरवायचं.

२. ई. कोलायवर नाही. ह्या जंतूला बाहेरनं आणखी एक पडदा असतो, टायलोसिन त्यातनं नीट आत जातच नाही. सीआरडी बिघडली की बहुतेक वेळा त्यात ई. कोलाय मिसळलेला असतो. मग आपण म्हणतो, "टायलोसिन दिलं, फरक पडला नाही, आता डबल डोस देऊ." दारच बंद असताना चौपट डोस दिला तरी आत काय जाणार? ई. कोलायच्या दगडीलाही हेच लागू.

३. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला तोंडावाटे देऊ नका. पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि पचन बसतं. घोड्याला तर तोंडानं दिलं तर जिवावर बेततं. टिल्मिकोसिनचं इंजेक्शन शेळी, डुक्कर, घोडा ह्यांना धोक्याचं, आणि चुकून माणसाच्या हातात सुई गेली तर त्याच्या हृदयावर घाला. असलं औषध पुडीवाल्याच्या सांगण्यावर टोचायचं नसतंय.

"येऊ नये म्हणून" देण्यात काय चुकतं?

सगळं चुकतं. मायकोप्लाझ्मा एकदा कळपात शिरला की टायलोसिननं तो दबतो, संपत नाही. पक्षी दिसायला बरा होतो, पण जंतू अंगात बाळगून राहतो. दर महिन्याला पाच दिवस दिलं म्हणजे दर महिन्याला त्या जंतूची परीक्षा घेतली. कच्चे मरतात, तगडे उरतात.

आपण बियाण्याला टपोरं कणीस निवडून ठेवतो की नाही? तेच आपण इथं करतोय, फक्त जंतूचं बियाणं निवडतोय.

तगडा जंतू करतो काय? सोऱ्याच्या भोकापाशी, जिथं औषध बसतं, तिथं तो एक बारकी खुंटी बसवतो. शास्त्रीय भाषेत मिथाइल गट. औषधाला बसायला जागा राहत नाही. ही युक्ती जंतूला नवी नाही. जो मातीतला जंतू एरिथ्रोमायसिन तयार करतो, तो स्वतःच्या औषधानं मरू नये म्हणून हीच खुंटी स्वतःला बसवून घेतो. ह्या युक्तीचा जनुक एका जंतूकडनं दुसऱ्या जातीच्या जंतूकडं जाऊ शकतो. म्हणजे शेडमधल्या एका जंतूनं शिकलेलं शेजारचा जंतू शिकतो, मग तो रोगाचा असो नाहीतर नसो.

आणि ऐका, त्या एका खुंटीनं फक्त टायलोसिन जात नाही. लिंकोमायसिन आणि त्याच्या जवळची औषधंही त्याच जागेवर बसतात, तीही जातात. एजंट म्हणतो, "टायलोसिन चालेना? मग हे लिंकोमायसिन घ्या." कुलूप तेच, चावीला रंग नवा.

आणखी एक. मायकोप्लाझ्माची जिवंत लस मिळते. लस देऊन त्याच आठवड्यात टायलोसिन पाजलं तर लशीतला जंतूच मरतो. लशीचे पैसे पाण्यात आणि टायलोसिनचेही.

द्राक्षात शहाणे, शेडमध्ये वेडे?

हे मला सगळ्यात जास्त टोचतं. घाटमाथ्यावरचा द्राक्ष बागायतदार बघा. भुरीवर एकाच गटाचं औषध सारखं मारलं तर भुरी ऐकत नाही, हे त्याला पाठ आहे. कुठल्या औषधाला काढणीआधी किती दिवस, ते वहीत लिहिलेलं असतं. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागायतदारांनी जो मार खाल्ला, तो अजून विसरलेला नाही. तेव्हापासून "रेसिड्यू" हा शब्द गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतो.

तोच बागायतदार संध्याकाळी गाईला इंजेक्शन देतो आणि सकाळी दूध डेअरीला घालतो. तोच शेडमध्ये टायलोसिन पाजतो आणि त्याच दिवशीचे ट्रे गाडीत चढवतो. द्राक्ष युरोपच्या माणसानं खायचं म्हणून दिवस मोजायचे, आणि अंडं-दूध आपल्या पोरानं खायचं म्हणून मोजायचे नाहीत, हा कुठला न्याय?

कायदा आहे. खाण्याच्या जनावरांच्या औषधावर किती दिवस थांबायचं ते छापलं पाहिजे, असा नियम २०१२ साली झाला. छापलेलं नसेल तर दूध आणि अंड्याला कमीत कमी ७ दिवस, मांसाला २८ दिवस. अंड्याचा बलक आठ-दहा दिवस कोंबडीच्या पोटात भरत असतो, त्यामुळं आज दिलेलं औषध पुढच्या आठवड्याच्या अंड्यातही उतरू शकतं. दुधाचं तर घरच्या घरी कळतं, औषधाच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दह्याचे जंतूही त्या औषधानं अडतात. आणि उकळलं म्हणजे औषध गेलं, हा भ्रम काढून टाका.

माणसाचं काय?

आता टायफॉईड. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादला २०१६ साली टायफॉईडची अशी साथ सुरू झाली की नेहमीची औषधं चालेनात. तोंडानं घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. बाकी मग दवाखान्यात दाखल होऊन महागडी इंजेक्शनं. म्हणजे गरिबाच्या पोराला वाचवायला मॅक्रोलाइड घराण्यातली एक गोळी उरली.

खरं ते बोलतो. टायफॉईडचा जंतू कोंबडीतनं येत नाही. तो माणसाच्या विष्ठेतनं पाण्यात आणि पाण्यातनं तोंडात येतो. त्याचा दोष पोल्ट्रीवाल्याच्या माथी मारणं अन्याय आहे. तिथं दोष साध्या सर्दीपडशाला तीन दिवसांची "अझी" देणाऱ्यांचा, आणि मेडिकलमध्ये जाऊन ती मागून घेणाऱ्या आपलाच. सर्दी विषाणूची असते, वर लिहिलंय ते परत वाचा. शहरातल्या ज्या मंडळींना फक्त शेतकरीच विष घालतो असं वाटतं, त्यांनी आधी स्वतःच्या घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघावा.

पण आपल्या वाट्याचा दोषही आहे. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि कच्च्या-अर्ध्या शिजलेल्या मांसातनं माणसाला जुलाब लावतो. आजार वाढला तर त्यावर पहिलं औषध मॅक्रोलाइडच. तो जंतू आपल्या शेडमध्ये औषधाला सरावला तर पहिला कोणाला भेटणार? शेड झाडणाऱ्या गड्याला, अंडी गोळा करणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना. पुढं कच्चं कोंबडखत उसात, द्राक्षात, तिथनं विहिरीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ सालीच सांगितलं की माणसाच्या कामाची अँटिबायोटिक्स निरोगी जनावरांना वाढीसाठी किंवा "येऊ नये म्हणून" देऊ नका.

"पण बंद केलं तर अंडी घटतील"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घटतील, जर दुसरं काही केलं नाही तर. युरोपनं १९९९ साली वाढीसाठी खुराकात टायलोसिन घालणं बंद केलं आणि २००६ पासून वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिक्स बंद केली. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या पिल्लांत हगवण वाढली, हेही खरं. पण ब्रॉयलरचा धंदा बुडाला नाही, आणि जनावरांतल्या जंतूंची औषधाला न जुमानण्याची सवय कमी झाली. आपल्याकडं २०१९ साली कोलिस्टिन जनावरांसाठी बंद झालं. तेव्हाही बोंब झाली होती, आता कसं जगायचं म्हणून. जगतोय की!

टायलोसिनच्या पुडीवर जो खर्च महिन्याला होतो, तो इकडं वळवा:

— पिल्लं किंवा तलंगा घेताना मायकोप्लाझ्मामुक्त कळपाची आहेत का, हे लेखी मागा. हा रोग आईकडनं अंड्यातनं पिल्लात उतरतो. मूळच रोगट आणलं तर पुडी आयुष्यभर.

— हवा खेळती ठेवा. शेडमध्ये गेल्यावर डोळे चुरचुरले तर पक्ष्याच्या श्वासनळीची काय गत होत असेल? खाली साठलेली ओली विष्ठा हलवा, गळकी निपल बदला.

— एका शेडवरनं दुसऱ्या शेडवर त्याच चपला, तेच ट्रे, तोच गडी नको. जुने आणि नवे पक्षी एकत्र नको.

— मर झाली तर ताजा पक्षी तपासणीला न्या. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध चालतं, हे कळल्याशिवाय पुडी फोडू नका.

— डॉक्टरनं टायलोसिन लिहून दिलं तर पूर्ण डोस, पूर्ण दिवस. पाण्यातनं देताना ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात पक्षी जास्त पाणी पितो आणि थंडीत कमी, म्हणून हिशोब पक्ष्यांच्या वजनावर करा, टाकीवर नको.

— एक वही ठेवा. तारीख, औषध, कारण, डोस, आणि अंडी-दूध कधीपासून विकलं. द्राक्षाची वही ठेवता येते तर ही का नाही?

— कोंबडखत कुजवूनच शेतात. कुजवल्यानं सगळं जातं असं नाही, पण बरंच कमी होतं.

आणि माझी मागणी सरकारी पशुवैद्यकांकडंही आहे. साहेब, डॉक्टर वेळेवर भेटत नाही म्हणून पुडीवाला डॉक्टर झालाय. तालुक्याला तपासणीची सोय द्या, नमुना कुठं द्यायचा ते गावात येऊन सांगा. नुसतं "अँटिबायोटिक वापरू नका" म्हणून फलक लावल्यानं पक्ष्याची घरघर थांबत नाही.

टायलोसिन चांगलं औषध आहे. म्हणूनच ते जपायचं. खरा सीआरडी शेडमध्ये शिरेल, रात्री घरघर ऐकू येईल, त्या दिवशी ते चाललं पाहिजे. रोज वापरून बोथट केलेलं खुरपं ऐन भांगलणीत कामाचं नसतं.

पुढच्या वेळी एजंट तक्ता घेऊन आला की एवढंच विचारा, "कुठल्या जंतूवर?" नाव सांगता आलं नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर तेही खुशाल लिहा, पण रोगाचं नाव घेऊन लिहा.